नेढे आणि थारोळे

कुऱ्हाडीच्या पात्यात दांडा बसवण्यासाठी जे आरपार भोक असते त्याला नेढे म्हणतात. सुईचेही नेढेच. राजगडच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडाच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेली भोके आहेत, त्यांनाही गडावर जाणारे लोक नेढेच म्हणतात. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण बहुतेकांना पाठ असते; पण तो दांडा ज्यात बसतो त्या जागेचे नाव विचारले, तर शहरात वाढलेली मुले अडतात. मी गेली तीस वर्षे सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो आणि शिकवतो. माझ्या कामातला एक रोजचा शब्द नीट कळायला मला या नेढ्यापर्यंत यावे लागले. तो शब्द म्हणजे सॉकेट.

सॉकेट आपल्याकडे अनेक वाटांनी आला. वायरमनच्या तोंडी भिंतीतले प्लग बसवायचे ते सॉकेट. प्लंबरकडे एल्बो आणि टी यांच्या शेजारी ठेवलेले, दोन पाइपांची टोके जोडणारे तेही सॉकेट. गॅरेजमध्ये मात्र आपल्या माणसांनी स्वतःचा शब्द केला: सॉकेट पान्याला तिथे गोटी पाना म्हणतात, आणि नुसते 'बाराची गोटी दे' म्हटले तरी पोरगा नेमकी तीच आणून देतो. शाळेच्या पुस्तकात खांद्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हटले आहे. हाडाचा गोल माथा ज्यात फिरतो त्या खोलगट जागेला उखळ हे नाव ज्याने दिले, त्याला मुसळ आणि उखळ दोन्ही डोळ्यांसमोर दिसत होते. डोळ्याची मात्र खोबण. वस्तू ज्यात बसते आणि बसून राहते, अशा जागेला मराठीत शब्द कमी नाहीत.

इंग्लिशमध्ये हा शब्द साधारण 1300 च्या सुमारास आला तो भाल्याच्या टोकाचे नाव म्हणून. इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मन सरदारांच्या फ्रेंचमध्ये 'सोकेत' म्हणजे छोटा 'सोक', आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'सोक' म्हणजे नांगराचा फाळ. फाळासारख्या आकाराचे भाल्याचे पाते, म्हणून फाळुकलेच म्हणा ना. फाळ असो की भाल्याचे पाते, दोघांच्याही मागच्या बाजूला लाकूड घुसवायला पोकळी लागते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत नाव धारदार टोकाकडून सरकत सरकत त्या मागच्या पोकळीवर येऊन बसले, आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सॉकेट म्हणजे 'ज्यात काही बसवायचे ती पोकळ जागा' हा अर्थ रूढ झालेला दिसतो. शब्दांच्या बाबतीत हे नेहमी घडते: वस्तूचे नाव तिच्या सगळ्यांत उपयोगी भागाला चिकटते.

फ्रेंच 'सोक' त्याही आधी कुठून आला? वेल्श भाषेत 'सूख' आणि जुन्या आयरिशमध्ये 'सोक' हे फाळाचेच शब्द आहेत, म्हणून हा मूळचा केल्टिक लोकांचा शब्द असावा असे मानतात. काही व्युत्पत्तिकार आणखी मागे जाऊन त्याचा मूळ अर्थ 'डुकराचे नाक' असा सांगतात, आणि ज्या मुळापासून आपला सूकर आला त्याच मुळाशी त्याला नेऊन जोडतात. मला हे पटते. भुईमुगाच्या रानात रात्री डुकरे शिरली की सकाळी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली दिसते. ज्याने पहिल्यांदा फाळाला डुकराच्या नाकाचे नाव दिले, त्याने असेच एखादे शेत पाहिले असणार.

आता संगणकाकडे वळतो. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत अर्पानेट नावाचे जाळे होते, आणि ते उभारणारे लोक आपापसांत आरएफसी नावाची क्रमांकित टिपणे लिहून मते मागवत. मे 1971 मध्ये जोएल विनेट यांनी लिहिलेल्या 147 क्रमांकाच्या टिपणाचा विषयच सॉकेटची व्याख्या हा होता. शब्द त्याआधीच्या टिपणांतही वापरात होता, पण इथे त्याला चौकट मिळाली: जाळ्यात माहिती जिथून निघते किंवा जिथे पोचते त्या ठिकाणाची एकमेव ओळख, 32 बिटांची एक संख्या. त्यात एक नियम होता. संख्या सम असेल तर ते घेणारे सॉकेट, विषम असेल तर ते पाठवणारे. एकाच जोडणीतून दोन्हीकडे बोलता येत नसे. संवादाला दोन नळ्या लागत, एक जायची, एक यायची. टीसीपी हा नंतरचा नियमसंच आल्यावर एकाच जोडणीत दोन्ही दिशा सामावल्या आणि हा नियम गेला, पण त्याची खूण अजून पुसलेली नाही. फाइल पाठवण्याच्या जुन्या सेवेचा पोर्ट, म्हणजे तिचा ठरलेला क्रमांक, 21, दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या टेलनेटचा 23, टपालाचा 25. ओळीने विषम आकडे, आणि मधले सम आकडे त्या जुन्या जोडीतले सोबती. सम आणि विषमची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

ऑगस्ट 1983 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटाने युनिक्सची 4.2 बीएसडी ही आवृत्ती बाहेर काढली. तिच्यात सॉकेट ही नुसती संख्या किंवा कल्पना राहिली नाही, ते सी भाषेतून बोलावता येणारे एक फंक्शन झाले. 'सॉकेट' म्हटले की यंत्र तुम्हाला एक पोकळी करून देते. 'कनेक्ट' म्हटले की दूरच्या यंत्रातल्या पोकळीशी ती जोडली जाते. पलीकडचा सर्व्हर त्याआधी 'बाइंड' करून आपल्या पत्त्याला बांधलेला असतो आणि 'लिसन' करून कान देऊन बसलेला असतो. बाइंड आणि आपले बांधणे एकाच मुळाचे, संस्कृत 'बन्ध्'चे भाऊबंद. लिसनचे मूळ 'श्रु' धातूच्या मुळाशी एकच, म्हणजे सर्व्हर श्रवण करतो असे म्हटले तर ते भाषांतर होत नाही, नात्यातल्या माणसाला नावाने हाक मारल्यासारखे होते. वर्गात हे सांगितले की मुले वहीत लिहून घेतात, आणि बाइंड आधी की लिसन आधी हा गोंधळ पुन्हा होत नाही.

या सगळ्यातून हाती काय येते? एक लहानसा पूर्णांक. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला 0, 1 आणि 2 हे आकडे जन्मतःच मिळतात: वाचायला, लिहायला आणि चुका सांगायला. नवे काही उघडले की रिकाम्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा मिळतो, म्हणून पहिले सॉकेट बहुधा 3 असते. त्या आकड्यावर थेट 'रीड' आणि 'राइट' करता येते, पण ते कच्चे काम आहे. तुम्ही शंभर बाइट मागता, सदतीस येतात, उरलेल्यांसाठी पुन्हा मागायचे. ओळीने वाचायचे असेल तर ओळ कुठे संपते ते एकेक अक्षर तपासत स्वतःच बघायचे. म्हणून सी भाषेचे लोक 'एफडीओपन' नावाचे फंक्शन वापरतात. त्याला तो 3 दिला की ते त्याभोवती एक कवच बांधून फाइल देते. मग साध्या फाइलीतून ओळ वाचावी तशी 'एफगेट्स'ने ओळ वाचता येते आणि 'एफप्रिंटएफ'ने लिहिता येते.

फाइल या शब्दावर फार थांबत नाही. लॅटिन 'फीलुम' म्हणजे दोरा, त्यावरून फ्रेंच 'फील', आणि कागद ज्या दोऱ्यात ओवून ठेवत ती फाइल. जुन्या किराणा दुकानांत लाकडी ठोकळ्यावर उभ्या केलेल्या तारेत बिले खोचून ठेवत, ती फाइलच होती. आपल्याकडे पेशवे दफ्तरातले कागद मात्र दोऱ्यात ओवले नाहीत, ते रुमालांत बांधले, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही रुमाल हेच त्यांच्या मोजणीचे माप आहे.

एफडीओपन जे देते त्याला सी भाषेच्या प्रमाण ग्रंथात स्ट्रीम म्हणतात. इथे मात्र मला सावकाश जायचे आहे, कारण हा शब्द आपल्या अगदी घरातला आहे.

इंग्लिश स्ट्रीम, जर्मन श्ट्रोम, डच स्ट्रोम हे सगळे 'वाहणे' अशा अर्थाच्या एका प्राचीन मुळापासून आले. त्याच मुळाचा संस्कृत धातू 'स्रु': स्रवणे, स्राव, स्रोत. स्ट्रीम आणि स्रोत हे शब्द सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्कीच आहेत. पण मग स्ट्रीममध्ये 'ट' कुठून आला? संस्कृतात तर 'स्र' आहे, मध्ये त नाही की ट नाही. तो उच्चारात घुसला. 'स' म्हणून झाल्यावर जीभ 'र'कडे जाताना मध्ये क्षणभर दातांमागे टेकते, आणि तिथे एक त जन्मतो. इंग्लिश, जर्मन, डच या भाषांच्या सामायिक पूर्वजाने हा त कायमचा ठेवून घेतला. 'सिस्टर'मधला टही असाच आलेला आहे. आपल्या 'स्वसृ'मध्ये तो नाही.

आता मराठी वर्तमानपत्र उघडा, किंवा रस्त्यावरचा फलक वाचा. 'स्त्रोत', 'रक्तस्त्राव', 'सहस्त्र', 'अजस्त्र'. हे चारही शब्द चुकीचे लिहिलेले आहेत. बरोबर रूपे स्रोत, रक्तस्राव, सहस्र, अजस्र. डोळ्यांना 'स्त्री' आणि 'स्तोत्र' यांची सवय असते म्हणून हात चुकतो हे खरे, पण जीभही चुकते, आणि ती चूक अगदी तीच आहे जी युरोपातल्या त्या जुन्या माणसांनी केली. त्यांच्याकडे चुकीचा नियम झाला, म्हणून स्ट्रीममधला ट आज शुद्ध आहे. आपल्याकडे लेखनाची परंपरा अखंड राहिली आणि बरोबर रूप कोशांत सुरक्षित आहे, म्हणून आपल्याला तो त घालण्याचे काहीच कारण नाही. मी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत 'मुक्त स्त्रोत' दिसले की तांबड्या शाईने त काढतो, आणि प्रत्येक वेळी तो का येतो तेही सांगतो. नुसते खोडून चूक जात नाही.

स्रोतची आणखी एक गंमत अर्थाची आहे. संस्कृतात स्रोतस् म्हणजे वाहते पाणी, प्रवाह. मराठीत स्रोत म्हणजे उगम झाला: ऊर्जेचा स्रोत, उत्पन्नाचा स्रोत, आणि 'ओपन सोर्स'साठी मुक्तस्रोत. म्हणजे स्ट्रीमचा खरा भाऊबंद सोर्सच्या घरी राहायला गेला, आणि स्ट्रीमसाठी आपण प्रवाह हा दुसरा शब्द आणून बसवला. आता ते बदलता येणार नाही, बदलूही नये. पण स्ट्रीम म्हणजे वाहते पाणी, हे मनातून जाता कामा नये, कारण प्रोग्रॅमरची एक मोठी चूक तिथेच टळते. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन घागरी ओतल्या, तर खालच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाला पहिली घागर कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कळेल का? टीसीपी जोडणीचेही तसेच आहे. तुम्ही दोनदा लिहिलेत म्हणजे पलीकडे दोनदा पोचेल असे नाही. एकदम पोचेल, किंवा तीन तुकड्यांत पोचेल. क्रम राहतो, थेंबही सांडत नाही, पण घागरींच्या कडा राहत नाहीत. निरोप कुठे संपतो हे तुम्हालाच पाण्यात लिहून पाठवावे लागते, म्हणजे ओळीच्या शेवटी नवी ओळ, किंवा आधी लांबी. नवख्या मुलांचे प्रोग्रॅम घरच्या यंत्रावर चालतात आणि खऱ्या जाळ्यावर कोसळतात त्याचे अर्धे कारण हे असते की 'स्ट्रीम' हा त्यांनी नुसता आवाज म्हणून पाठ केलेला असतो.

आणि आता बफर. मराठी वाचकाला हा शब्द रोज भेटतो. नाफेड नाशिक भागात कांदा घेते तो 'बफर स्टॉक'. ताडोब्याच्या वाघांच्या बातमीत 'बफर क्षेत्र'. रेल्वेतल्या माणसाला विचाराल तर तो दोन डब्यांच्या मधल्या त्या जाड, गोल, स्प्रिंग लावलेल्या तबकड्या दाखवील, आणि मूळ अर्थ त्याच्याकडेच आहे. इंग्लिशमध्ये 'बफ' हे एक जुने क्रियापद होते: मऊ वस्तूवर रट्टा बसला की जो दबका आवाज येतो, तो करणे. ध्वनीवरूनच आलेला शब्द. रेल्वेने 1830 च्या दशकात तो उचलला: धक्का स्वतःच्या अंगावर घेऊन डब्याला लागू न देणारा तो बफर. तिथून दोन बलाढ्य राज्यांच्या मधले दुबळे राज्य बफर झाले, रसायनशास्त्रात आम्ल आणि अल्कली यांचा धक्का पचवणारे द्रावण बफर झाले, आणि संगणक आल्यावर वेगवान यंत्र आणि मंद उपकरण यांच्या मधली साठवणीची जागाही बफर झाली.

या बफरला मराठी शब्द काय, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. 'मध्यस्थ साठा' वगैरे घडवलेले शब्द वर्गात बोलून पाहिले, ते कुणाच्याच जिभेवर बसले नाहीत. मग एकदा गावी गेलो असताना शब्द सापडला, आणि तो इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होता.

आमच्या मळ्यात मी लहान असताना मोट होती. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई, चाक करकरे, आणि चामड्याची ती फुगलेली मोट वर येऊन सोंडेतून पाणी एकदम ओती. ते पाणी थेट पाटात पडत नसे. विहिरीच्या तोंडाशी दगडांनी बांधलेला एक उथळ हौद असे, त्यात ते धबाक्‌ करून पडे. त्याला थारोळे म्हणत. थारोळ्याच्या एका बाजूने पाट निघे, आणि त्यातून पाणी शांतपणे उसाकडे जाई. मी आजोबांना विचारले होते, "आबा, हे मधी कशाला? सरळ पाटात वतायचं की." ते म्हणाले होते, "आरं, मोट एकदम वततीया. पाटाला ते सोसंल व्हय? माती घिऊन जाईल. हितं पानी जरा थांबतंय, मग जातंय."

बफरची याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. त्यात रेल्वेचा बफर आहे, कारण थारोळे मोटेचा धक्का स्वतःवर घेते. त्यात संगणकाचा बफरही आहे, कारण पाणी येते हबक्याहबक्याने आणि जाते संथ. सॉकेटवरून वाचताना नेमके हेच घडते. जाळ्यातून बाइटांची मोट येते, हजार-दोन हजार एकदम. बफर ती झेलतो. मग 'एफगेट्स' त्यातून एक एक ओळ घेत राहते, आणि प्रत्येक ओळीसाठी विहिरीपर्यंत जावे लागत नाही. थारोळे रिकामे झाले की पुढची मोट. आज थारोळे हा शब्द मराठीत उरला आहे तो मुख्यतः गुन्ह्यांच्या बातम्यांत, 'रक्ताच्या थारोळ्यात'. इतका चांगला शब्द एवढ्या एका वाक्यापुरता राहावा याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यातला 'थारा' ऐकू येतो ना? पाणी जिथे थारते ती जागा.

लिहिताना गोष्ट उलट होते. प्रोग्रॅम थेंब थेंब देतो, आणि बफर ते साठवून एकदम सोडतो. किती साठवायचे याचा आकडा सी भाषेच्या प्रमाणात किमान 256 बाइट सांगितला आहे. लिनक्सवरच्या नेहमीच्या ग्रंथालयात, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, तो आकडा 8192 आहे. इथेच माझ्या आयुष्यातली एक रात्र गेली. नव्वदच्या दशकात मी एका कार्यालयासाठी दोन यंत्रांत बोलणे घडवणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. एका बाजूने ओळीत प्रश्न पाठवायचा, दुसरीने उत्तर द्यायचे. पडद्यावर चालवून पाहिला तेव्हा ओळ लगेच दिसली, उत्तरही आले. तोच स्ट्रीम सॉकेटवर लावला आणि सगळे थिजले. कुठलीही चूक दाखवली जात नव्हती. माझा प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत होता आणि पलीकडचा प्रश्नाची. मी केबल बदलली, पत्ते तपासले, पलीकडचे यंत्र बंद करून चालू केले. पहाटे चारला लक्षात आले की प्रश्न माझ्या यंत्रातून बाहेरच पडलेला नाही. समोर माणूस बसून पडदा बघतो आहे असे कळले, तर ग्रंथालय ओळ संपताच बफर सोडते. सॉकेटपलीकडे कोण आहे हे त्याला कळत नाही, म्हणून ते बफर पूर्ण भरेपर्यंत थांबते. माझा प्रश्न होता चाळीस बाइटांचा. तो थारोळ्याच्या तळाशी पडून होता.

उपाय एका ओळीचा: 'एफफ्लश'. इंग्लिशमध्ये फ्लश हा शब्द झुडपात दबून बसलेला पक्षी उठवण्यासाठीही वापरतात आणि पाण्याच्या लोंढ्यासाठीही. मराठीत मी वर्गात 'थारोळे फोडा' म्हणतो. पाटाच्या कडेची माती फावड्याने ओढून वाफ्यात पाणी घेतात ना, तसे. प्रश्न लिहून झाला, आता उत्तर ऐकायचे आहे, तर आधी थारोळे फोडा. तुमचे थारोळे फोडल्यावरही पाणी कर्नलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या, दुसऱ्या थारोळ्यात जाते, आणि तिथे जॉन नेगल यांनी जानेवारी 1984 मध्ये आरएफसी 896 मध्ये सुचवलेला नियम लागू असतो: आधी पाठवलेल्याची पोच आली नसेल तर बारीकसारीक तुकडे लगेच पाठवायचे नाहीत, साठू द्यायचे. त्यांनी दिलेले उदाहरण टेलनेटवर एकेक कळ दाबणाऱ्या माणसाचे होते. एका अक्षरासाठी 41 बाइटांचे पाकीट, म्हणजे मालाच्या चाळीसपट बांधणी. ते थारोळे आपल्या हातात नसते, आणि बहुतेक वेळा ते तसेच ठेवलेले बरे.

सम-विषमची गोष्ट इथे परत येते. एकाच फाइलमधून वाचायचे आणि लिहायचेही असेल तर सी भाषेची एक अट आहे: लिहिण्याकडून वाचण्याकडे वळताना मध्ये फ्लश करा किंवा फाइलीतली जागा बदला, आणि वाचण्याकडून लिहिण्याकडे वळताना जागा बदलाच. साध्या फाइलीत मागेपुढे जाता येते. सॉकेटमध्ये मागे जाता येत नाही, ओढ्याचे पाणी मागे फिरत नाही. म्हणून जाणती माणसे 'डुप' करून त्या आकड्याची जोडी करतात आणि एकाच सॉकेटवर दोन स्ट्रीम उघडतात, एक फक्त वाचायला, एक फक्त लिहायला, दोघांची थारोळी वेगळी. 1971 च्या टिपणातली घेणारी आणि देणारी जोडी अशी 'एफडीओपन'च्या वाटेने सी भाषेत परत आली. एवढे मात्र सांभाळायचे: लिहिणारा स्ट्रीम नुसता बंद केला तर पलीकडच्याला 'माझे बोलून झाले' हे कळत नाही, कारण त्याच सॉकेटचा दुसरा आकडा अजून उघडा असतो. आधी फ्लश करून मग 'शटडाऊन'ने लिहिण्याची बाजू बंद करावी लागते. मी स्वतः दोन स्ट्रीमच वापरतो, आणि विद्यार्थ्यांनाही तेच शिकवतो.

पोर्टबद्दल थोडेच. मराठी लेखांत त्याला कधीकधी बंदर म्हटलेले दिसते. लॅटिनमध्ये 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार, दोन्ही एकाच कुळातले. पण संगणकाच्या पोर्टमध्ये जहाज येऊन नांगर टाकत नाही. माहिती तिथून आत येते आणि बाहेर जाते. एका यंत्राला 0 ते 65,535 अशा क्रमांकांची दारे असतात आणि प्रत्येक दाराआड वेगळी सेवा. तिथे दार हाच शब्द योग्य आहे. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी आजही 'दारं धरायला' जातो, म्हणजे कुठल्या वाफ्याचे दार उघडायचे आणि कुठले बुजवायचे ते बघायला. सर्व्हर तेच करतो.

आमच्या मळ्यातले थारोळे विजेचा पंप आल्यावर बुजले. कोकणात रहाटाचे पाणी ज्यात पडते तिला डोण म्हणतात, ती संस्कृत 'द्रोणी'ची लेक. खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात मोटेच्या त्या हौदाला, धावेला, नाड्याला, सोंडेला कोणते शब्द होते? मोट हाकलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याच्याजवळ बसून विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाण्याच्या वाटेवरचे सगळे शब्द ओळीने विचारा, आणि ते वहीत उतरवून घ्या. स्रोत लिहायची वेळ आली, तर त न घालता लिहा.